सत्तावीस फेरे

ढाणकी
१६ जून २०२४, रविवार

बेटा संघदीपले आजीचा जय भीम.

सगळ्यात पहिले सुखीबाई आली. तिचं मिक्सर बंद पडलं होतं म्हणून आलती, पण आबाच्या समोर काय मांडून ठेवलं आहे ते पाह्यलं अन् मिक्सर तिच्या काखेतच राह्यलं. मंग विठ्ठलराव पोस्टमन आले, त्यायले फक्त पाणी प्यायचं होतं. मंग समोरचा बादल, पानठेला उघडा टाकून. दहा मिनिटात आपल्या ओसरीत सहा माणसं. अन् मांडून काय ठेवलं होतं, तर तुझी गाडी.

हव, तीच. जळालेली. दोन वर्षं माळ्यावर खोक्यात होती, मी तिले हात लावला नाही अन् आबाबी लावत नव्हते. आज सकाळी मी चहा घेऊन आली तर खाट भिंतीले टेकवून आबा तिच्यावर चढून बसलेले. खोकं काढलं, फडक्यानं पुसलं, अन् पेचकस मागितला. मले एवढा आनंद झाला की चहा तिथंच ठेवला अन् त्यात मुंग्या झाल्या.

सुखीबाई म्हणे, उकंडाभाऊ, आता नातवाचं खेळणं घेऊन बसता का? आबा म्हणाले, खेळणं राहो का विहिरीतला पाणबुडी पंप राहो, आत मोटर आहे ना, मंग ते माह्यंच काम. तिचं मिक्सर मात्र तसंच पडून आहे, उद्या पुन्हा येऊन बोलन ती.

आता तू म्हणशील आजीनं फोन कायले नाही केला. एक तर फोनवर मले काही ऐकू येत नाही, उजव्या कानानं तर पूर्ण कारभार बंद केला. दुसरं म्हणजे फोन आबाच्या खिशात राहते. अन् मी तुले लिहून राह्यली हे आबाले माहीत नाही. चौथी शिकलेली बाई, अक्षर मोठंमोठं काढतो, पानं जास्त लागते. समजून घेजो.

काम असं आहे. गाडीतली एक काळी डबी कोळसा झाली. रिमोटनं जसं सांगितलं तसा मोटरले करंट कमी-जास्त सोडते ती डबी, तू तिले स्पीड कंट्रोलर म्हणत होता. आबा म्हणते बाकीचं मी पाहून घेतो, पण डबी नवी लागन. स्वतःहून तुले विचारणार नाही, तुले त्यायचा स्वभाव माहीत आहे. तर कोणती घ्यावी अन् कुठं भेटते, तेवढं लिहून पाठव.

मागच्या महिन्यात आम्ही यवतमाळले गेलतो, आबाचे डोळे दाखवाले. थेंब देल्ले. तू काळजी नको करू. मोटरीवरचे बारीक आकडे तेवढे मले वाचून दाखव म्हणते.

माझी हाव एकच आहे बाप्पा. गाडी आपल्या अंगणात पळावी, तू पळवावी अन् आबानं पाहावी. बाकी तुमचं दोघाचं जे काही आहे ते तुम्ही जाणा.

तुझी आजी
रुखमाबाई


चाकण, पुणे
२७ जून २०२४

प्रिय आजी,
जय भीम.

तुझं पत्र कंपनीच्या गेटवर आलं. वॉचमनने विचारलं, आजकाल पत्र कोण पाठवतं? म्हटलं, माझी आजी पाठवते, तिचा एक कान बंद आहे.

आबांनी गाडी काढली हे वाचून मला नक्की काय वाटलं ते सांगता येत नाही. ती सकाळ आठवली. यवतमाळच्या कॉलेजात रेस होती, मी बॅटरी चार्जिंगला लावून आंघोळीला गेलो आणि परत आलो तर टेबल पेटलेलं. बॅटरी आदल्या दिवशीच फुगली होती, ते माझ्या लक्षात आलं नाही. ती कशाने फुगली हे आबा बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. मी फक्त ओरडलो. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर ओरडलो. काय ओरडलो ते तू ऐकलंच असशील, तेव्हा तुझा कान चांगला होता.

आता डबीचं. डबी मोटर पाहून घ्यावी लागते, नुसती डबी घेऊन चालत नाही. आपल्या गाडीतली मोटर जुन्या पद्धतीची, ब्रशवाली आहे. तिला ब्रशवाल्या मोटरीचीच डबी लागते, आणि ती किती अँपिअर सोसते ते त्या मोटरीवर ठरतं. मोटरीच्या बुडाला एक आकडा आहे, त्याच्यापुढे इंग्रजी टी. तो वाचून कळव. बॅटरी दोन सेलची घ्यायची. तिचा दाब ठरावीक आकड्याच्या खाली गेला की डबीच गाडी थांबवते. तो बिघाड नसतो, बॅटरी वाचवायचा उपाय असतो. हे आबांना नीट सांग. त्यांना म्हण, ही विहिरीवरची मोटर नाही.

डोळ्यांचं म्हणशील तर मोतीबिंदू असेल. या वयात होतोच. आमच्या सुपरवायझरच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी ते पेपर वाचायला लागले. आबांचंही करून टाका.

तुझा
संघदीप


ढाणकी
७ जुलै २०२४

बेटा संघदीप,

तुझं पत्र मी लपवून वाचणार होती, पण विठ्ठलरावाले कुठं दम निघते. रस्त्यावरूनच ओरडले, मिस्त्री, संघदीपचं पत्र आहे हो. आबा म्हणाले, वाच. झालं.

मी अक्षर लावून लावून वाचलं. वॉचमनचं वाचलं तवा आबा हसले. मंग त्या सकाळचं आलं, तेबी वाचलं. मंग ते विहिरीवरच्या मोटरीचं आलं. ते मी गाळलं. आबा म्हणाले, मधात थांबली काहून? मी म्हटलं, अक्षर लागत नाही. ते म्हणाले, मंग माह्यावरच असन काही, वाच. वाचलं. आबानं गाडी मांडीवर घेतली अन् जळक्या डबीवर बोट फिरवलं. बाहेर बादलच्या ठेल्यावर गाणं चालू होतं म्हणते, मले काही ऐकू आलं नाही, मी आपली त्यायच्या तोंडाकडे पाहत होती.

मंग बोलले. त्या सकाळचं दोन वर्षात पहिल्यांदा बोलले, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

"त्या डबीवर एक बारकी पिन होती. गाडी बारा मिनिटात थांबे, अन् पोट्टा हिरमुसे. मी पाह्यलं, पिन इकडची तिकडे लावली की गाडी थांबतच नाही. रेसच्या आदल्या दिवशी मी ती पिन सरकवली अन् पंचवीस मिनिटं पळवून पाह्यली. मले वाटलं पोट्ट्याचं भलं केलं, पण बॅटरी त्याच्यानंच फुगली."

तुले आपल्या दुकानाचं माहीतच आहे. लाईन येते चार-सहा घंटे, तेवढ्यात स्टार्टर पडला की ओलीत राह्यलं. मंग मोटर घेऊन येणारा प्रत्येक जण एकच म्हणे, मिस्त्री, ट्रिप नको होऊ देजा. लोड वाढला की मोटर बंद करते ती ट्रिपची पट्टी आबा काढून टाकत अन् तार डायरेक्ट जोडून देत. मोटर जळली की तीच मोटर पुन्हा नवी तार भरायले आपल्याकडेच येई. चाळीस वर्षं लोकायनं त्याच कामाची वाहवा केली, म्हणून हात तिकडेच गेला. त्या सकाळीबी तू हेच ओरडला, ही विहिरीवरची मोटर नाही, ते आबाले लागलं, पण जास्त हे लागलं की तू खरं बोलला. अन् पिन मी सरकवली, एवढं तवा त्यायच्या तोंडून निघालं नाही.

आता आनंदाचं सांगतो. मोटरीचं बूड मी भिंगातून वाचलं, दोन अन् सात अन् पुढं टी. आबा म्हणाले टी म्हणजे काय असन? मंग स्वतःच मांडीवर थाप मारली. म्हणे टर्न. फेरे. तारेचे सत्तावीस फेरे. एवढे हसले की ठसका लागला. म्हणे आयुष्यभर फेरे मोजले, पोट्ट्याच्या गाडीतबी फेरेच निघाले.

मंग मले लिहून घ्यायले लावलं. फेरे कमी तर तार जाड अन् मोटर करंट जास्त ओढते, म्हणून किती फेऱ्याच्या खालची मोटर चालत नाही ते डबीवर लिहिलं असन, ते पहाय. मोटर उठताना चालतीपेक्षा पाच-सहापट ओढते, म्हणून चालतीचा हिशोब धरू नको, उठतीचा धर. साठ अँपिअरच्या खाली घेऊ नको. अन् शेवटचं मोठ्या अक्षरात लिही म्हणाले: तशी पिन असलेली डबी आणू नको.

मोतीबिंदूचं तू लिहिलं तेबी वाचलं. आबानं थेंबाची बाटली खिशात टाकली अन् म्हणाले, हव म्हणून लिही. तर हव.

सुखीबाईचं मिक्सर झालं. आता चटणी केली तर आपल्याले वाटीभर देते.

तुझी आजी


चाकण
१६ जुलै २०२४

आजी,

हे पत्र आबांना वाचून दाखव, काही गाळू नको.

आबा, तुम्ही लिहून पाठवलेलं मी इथे अंकुरला दाखवलं. अंकुर माझ्यासोबत काम करतो, मारेगावचा आहे, त्यालाही गाड्यांचा नाद. तो म्हणाला, हे तुला कोणत्या इंजिनिअरने सांगितलं? मी म्हटलं, आमच्या ढाणकीच्या. साठ अँपिअर अगदी बरोबर. आणि डबीवर खरंच लिहिलेलं असतं, बारा फेऱ्यांच्या खालची मोटर लावू नका. मला हे शिकायला तीन महिने लागले होते. पिनेचं वाचलं. त्याबद्दल मी समोर बसून बोलेन, पत्रात नको.

आता निवड तुमच्यासमोर ठेवतो. एक साधी डबी, ब्रशवाल्या मोटरीची, साठ अँपिअरची. नांदेडला मिळते, सांगितली तर आठ दिवसांत घरी येईल आणि आहे ती मोटर त्याच दिवशी पळेल. पण तिला पिन असते. दुसरी आहे बिनब्रशच्या मोटरीची, सेन्सरवाली. तिच्यासोबत मोटरही नवी घ्यावी लागते. तिला पिन नाही. मुंगीच्या चालीने चालवली तरी अडखळत नाही आणि आवाज तर नाहीच म्हणा. सुरू करताना डबी मोटरीतूनच टूं टूं वाजवते, जितके सेल तितके टूं.

मला वाटतं दुसरीच घ्यावी. आबांनी पाहायची तर चांगली पाहावी. ती मी स्वतः घेऊन येतो, दिवाळीला. घाई कशाला, तोवर डोळ्यांचं ऑपरेशनही होऊन जाईल.

तुमचा
संघदीप


ढाणकी
२० ऑगस्ट २०२४

बेटा संघदीप,

पत्राले उशीर झाला. सोयाबीन निंदायले बाया भेटत नाहीत म्हणून विठ्ठलरावाच्या वावरात मीच गेली चार दिवस, या वयात. कंबर धरली. पण गंमत आली, बायायच्या गोष्टी जवळून ऐकू येते मले.

तू लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, एकही शब्द गाळला नाही. ढाणकीच्या इंजिनिअरचं दोनदा वाचायले लावलं. मंग सुखीबाई आली तर तिसऱ्यांदा. आबा म्हणाले पोट्टा म्हणते तशीच घेऊ, त्याले त्यातलं कळते.

अंगणात गाडीसाठी रस्ता करून राह्यले आहे. निंबाच्या बुडापासून हातपंपापर्यंत अन् वळून ओसरीपर्यंत. मी शेणानं सारवला. कडेनं विटा लावल्या, त्या आबानं पायानं मापून लावल्या. गाडीच्या टपाले रंगबी देल्ला. निळा आहे का हिरवा, असं मलेच विचारलं. मी म्हटलं निळा. आहे निळाच.

आबा संध्याकाळी डबा घेऊन बसते अन् काहीतरी करते. काय करते ते तुले सांगू नको म्हणाले, म्हणून सांगत नाही. मले मात्र ते पाहून बरं वाटते. तोंडातल्या तोंडात मोजत राहते, मधात कोणी बोललं की चिडते.

ऑपरेशनची तारीख काही भेटली नाही.

इथं मी तीन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. पान खराब दिसते त्याच्यानं.

एक विचारतो. ती नांदेडची साधी डबी, तिच्यानंबी गाडी पळन ना? पिन राहिली तर राहिली. लवकर पळली असती, एवढंच. मी आपलं विचारलं. तू म्हणशील तसं.

तुझी आजी


चाकण
२१ ऑक्टोबर २०२४

आजी,

घाईत लिहितो. दिवाळीची सुट्टी रद्द झाली, ऑर्डर मोठी आहे, सगळ्यांचीच झाली. जानेवारीत नक्की येतो, अंकुरलाही आणतो. डबी आणि मोटर घेऊन ठेवली आहे, माझ्या उशाशी खोक्यात आहे. ती साधी डबी नकोच, उगाच पुन्हा पिनेचा घोळ. एवढे दिवस थांबलो, अजून तीन महिने.

पार्सलने पाठवावी असं एकदा वाटलं. पण मला आबांसमोर जोडायची आहे.

संघदीप


चाकण
२ फेब्रुवारी २०२५

आजी,

ढाणकीहून येऊन आठवडा झाला. अंकुर आणि मी एका खोलीत राहतो, पण बसमधून उतरल्यापासून आम्ही त्या दिवसाबद्दल बोललेलो नाही. तो फक्त एकदा म्हणाला, अरे, तुला कोणी सांगितलं नव्हतं?

मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही. पण मला ते विसरता येत नाही. अंगणात सगळे जमले होते, सुखीबाई, विठ्ठलराव, बादल. मी डबी जोडली, टूं टूं वाजलं, आबांनी दोन बोटं वर केली. मग गाडी सोडली. इतकी सुंदर चालली आजी, मी आजवर तशी चालवली नव्हती. हातपंपाला वळसा घेऊन आबांच्या पायाजवळून गेली, अगदी चपलेला लागून. दोन चकरा झाल्या. आणि आबा निंबाकडे तोंड करून बसलेले. म्हणाले,

"चालू कर ना बेटा. वाट कायची पाहून राह्यला?"

आवाज नसलेली मोटर मी निवडली होती. सहा महिने हट्टाने तीच धरून बसलो होतो.

विठ्ठलरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी म्हटलं, आता करतो आबा. आणि पुन्हा तिसरी चक्कर मारली, तोंडाने घुर्रर्र करत. सत्तावीस वर्षांचा माणूस मी. आबा हसले आणि म्हणाले, हां, आता चालली. त्यांना कळलं होतं ना, आजी? ते माझ्यासाठी हसले ना?

मी माफी मागायला आलो होतो. दोन दिवस सेन्सर आणि बॅटरीच समजावत बसलो. बसस्टँडवर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हाही बोललो नाही.

तू मला जूनमध्ये का नाही सांगितलंस?

संघदीप


ढाणकी
१४ फेब्रुवारी २०२५

बेटा संघदीप,

तुझं पत्र आलं तवा आबा विठ्ठलरावासंगं पारावर गेलते, म्हणून पहिले मी एकटीनं वाचलं. मंग ते आल्यावर पुन्हा वाचलं, मोठ्यानं. या वेळी एकही ओळ गाळली नाही.

तू विचारलं, जूनमधी काहून नाही सांगितलं. तर ऐक. मोतीबिंदू नाही तो. काचबिंदू आहे. यवतमाळच्या डॉक्टरनं मे महिन्यातच सांगितलं, जेवढं गेलं ते आता येत नाही, उरलं ते थेंबानं जितके दिवस टिकन तितकं. उशीर आम्हीच केला, चष्म्याचा नंबर असन म्हणून बसलो. बसमधी आबानं मले बजावलं, संघदीपले सांगू नको, त्याच्या बापाले, प्रफुल्ललेबी नको. पोट्टा डोळ्यापायी आला तर दया करून येईन. गाडीपायी यावा. अन् दुसऱ्याच महिन्यात गाडी खाली काढली. दिसते आहे तोवर पळताना पाहून घेऊ म्हणाले.

मी सांगायले पाह्यजे होतं. आबानं शपथ घातली होती हे खरं, पण नुसतं ते नाही. तू मोतीबिंदू लिहिलं अन् मले तो शब्द आवडला. आठव्या दिवशी पेपर वाचते म्हणे. मी तो शब्द धरून बसली. ऑगस्टमधी तीन ओळी लिहिल्या होत्या त्याच ह्या, पण खोडल्या. तू नांदेडची डबी पाठवली असती तर तवा आबाले समोरचं थोडंथोडं दिसत होतं, निळं का हिरवं विचारण्याइतकं. दिवाळीपर्यंत तेबी गेलं. हे माह्यावर आहे, तुझ्यावर नाही. तुले माहीतच नव्हतं.

अन् अजून एक आहे, ते तुले आजबी माहीत नाही. तो डबा.

त्या डब्यात तुझी जुनी मोटर होती. आगीनं तिची तार जळून गेली होती. आबानं तिचं बूड उकलून तार काढली अन् नव्यानं भरली. डोळ्यानं नाही, बोटानं. तीन दांड्या राहते आत, प्रत्येकीवर सत्तावीस फेरे, केसावाणी तार. एकदा चोवीसवर असताना सुखीबाई मिक्सरचं झाकण विचारायले आली अन् मोजणी हुकली, तर सगळं उकलून पहिल्यापासून. एकदा तार तुटली. तिसऱ्यांदा जमली. पाणबुडीच्या मोटरी आबानं किती भरल्या त्याची गिनती नाही, पण एवढी खुशी मी कोणत्या मोटरीपायी पाह्यली नाही. तू येशील तवा हाती द्यायची होती.

तू आला त्या सकाळी आबानं डबा पुढं केला, आठवते? तू झाकण उघडून पाह्यलं अन् म्हणाला, ही राहू द्या आबा, जुनी झाली, नवी आणली मी. आबानं झाकण लावलं. मी चुलीजवळून पाहत होती. त्याच वेळी मी बोलली असती तर. पण तू इतका खुश होता, अन् आबाबी म्हणाले, हव, नवीच लाव.

आता तुझ्या पत्रावर आबा काय म्हणाले ते. पहिले ती हसल्याची ओळ मले पुन्हा वाचायले लावली. मंग म्हणाले,

"त्याले लिही, तिसऱ्या चकरीले मले कळलं होतं. पोट्ट्यानं तोंडानं आवाज काढला तवा. गाडीपेक्षा तोच आवाज चांगला होता."

अन् मंग म्हणाले, त्या सकाळीच पिन मी सरकवली म्हटलं असतं तर दोन वर्षं वाया गेली नसती. डोळे होते तवाची दोन वर्षं.

माफीचं असं आहे बेटा, ती दोघाजवळबी होती अन् दोघायनंबी डब्यात ठेवली. आता पत्रात आली तर आली. आबानं तुझं पत्र मागून घेतलं अन् त्या मोटरीसंगं डब्यात ठेवलं.

तू गेल्यावर आम्ही गाडी बंद नाही ठेवली. तू शिकवलं तसं बटण मी दाबतो. टूं टूं वाजते म्हणते. आबा दोन बोटं वर करते, दोन सेल, बराबर. मंग मी हळूहळू चालवतो अन् तोंडानं सांगतो, आता निंबाजवळ आहे, आता पंपाले वळली, आता विटेले धडकली. मले तिचा चालतीचा आवाज येत नाही, तसा आबालेबी येत नाही, त्यात आम्ही दोघं बरोबरीचे. सुखीबाई म्हणे, म्हातारा-म्हातारीनं पोरखेळ मांडला. मी म्हटलं, तू मिक्सर सांभाळ.

पण आबा म्हणते गाडी चांगली आहे, फक्त कुठं आहे ते सांगत नाही. जुनी मोटर गाणं म्हणत जायची. म्हणून सांगितलं आहे, येताना ती साधी डबी घेऊन येजो. नांदेडवाली, साठ अँपिअरची, ब्रशवाल्या मोटरीची. डब्यातली मोटर तिच्यावर लावायची. मी म्हटलं, तिले पिन आहे ना. आबा म्हणाले, असू दे, पिनीले हात लावत नाही म्हणून लिही. बारा मिनिटानं थांबली तर थांबू दे, बॅटरी भरन अन् पुन्हा पळन.

बसस्टँडवर तू अन् अंकुर जाताना सांगून गेले, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी येतो, उमरखेडवरून संध्याकाळच्या गाडीनं. मी कॅलेंडरची पानं उलटून एप्रिल काढला अन् त्या दिवसाच्या चौकटीत सुईनं बारीक भोकं पाडली, मागून, म्हणजे समोरून हाताले लागते. आबा रोज तोंड धुतल्यावर तिथं बोट फिरवते. आज मले विचारलं, बराबर पाडली ना, हा तेराच आहे ना?

मी म्हटलं, तेराच आहे. रविवार, तेरा एप्रिल.

तुझी आजी
रुखमाबाई